अल क्वोजच्या गोदामातले पूर्वज

"वहिनी, तुम्ही दुबईत नक्की काय करता?" इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारायचंच. माझे यजमान श्रीकांत होते तोवर उत्तर तेच देऊन टाकायचे. "ती बुडणाऱ्या देशांचं सामान सांभाळते." समोरचा गृहस्थ हसून म्हणायचा, "बुडणाऱ्या कंपन्यांचं म्हणायचंय ना?" दुबईत राहणाऱ्या माणसाला कंपन्या बुडतात एवढं पक्कं ठाऊक असतं. देश बुडतात हे त्याला खरं वाटत नाही. मग उकडीचा मोदक यायचा आणि विषय तिथेच संपायचा.

श्रीकांतचं उत्तर मात्र अगदी बरोबर होतं.

मी वकील. पुण्यात कायद्याची पदवी घेतली, लग्न करून इथे आले आणि जबल अली बंदराच्या फ्री झोनमध्ये एका शिपिंग कंपनीत जहाजांची कागदपत्रं तपासत बसले. काही वर्षांनी एका वकिली फर्ममध्ये गेले. फर्मचे मालक जॉर्ज. माणूस लेबनॉनचा, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्यांनी मला ठेव-करारांच्या कामाला लावलं. अल क्वोजमध्ये बाहेरून टायरची दुकानं आणि सुतारांचे कारखाने दिसतात, पण त्यांच्याच ओळीत थंड, कोरडी, बंद गोदामं आहेत. श्रीमंतांची चित्रं, जुनी हस्तलिखितं, कोणाचा तरी पियानो तिथे राहतो. दुसऱ्याची वस्तू जपायची आणि मागितली की जशीच्या तशी परत द्यायची, एवढंच त्या करारात असतं. आपल्याकडे शेजारी गावाला जाताना दागिन्यांचा डबा ठेवायला देतात, तसंच. फक्त पानं जास्त.

मग एका वर्षी एका बेटदेशाच्या सरकारने विचारलं, आमच्या वस्तूही सांभाळाल का? आणि माझी वाट बदलली.

यातली कायद्याची अडचण सोप्या शब्दांत सांगते. युद्धात देवळावर बॉम्ब टाकू नये, यासाठी राष्ट्रांमध्ये करार आहेत. मूर्ती चोरून परदेशात विकू नये, यासाठी आहेत. समुद्रतळाशी पडलेल्या जुन्या जहाजातला माल कोणी परस्पर उचलू नये, यासाठीही आहेत. पण समुद्रच दर वर्षी थोडा थोडा वर येऊन एखाद्या गावाची दफनभूमी खाऊ लागला तर? तिथे चोर नाही, शत्रू नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं कोणाला करायचं? मोठमोठे न्यायाधीश अलीकडे म्हणू लागले आहेत की जमीन बुडाली म्हणून देश आपोआप संपत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण त्या देशाचे ढोल, होड्या, दगड ठेवायचे कुठे आणि उद्या मागायला कोण येणार, हे त्यात नसतं. ते आमच्यासारख्यांना शिवावं लागतं. या कराराची बाही, त्या ठरावाची कॉलर. काम शिंप्याचं. ठिगळ दिसतं, पण अंग झाकतं.

ऑफिसात हे काम करणारी मी एकटीच. बाकीचे जमिनीचे आणि कंपन्यांचे व्यवहार बघायचे. दुपारी डबा खाताना त्यांच्या गप्पांत माझ्या कामाचा विषय कधी निघाला नाही. घरी श्रीकांतला सांगायचे. तो नीट ऐकायचा आणि शेवटी काहीतरी भलताच प्रश्न विचारायचा. मग तो गेला. हृदयविकार, इथेच. मुलगी ईशा इथेच वाढली आणि नोकरीला टोरांटोला गेली. करामा भागातल्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरले. तेव्हापासून ऑफिसात मला कोणी "हाऊ आर यू?" विचारलं की मी जरा जास्तच सविस्तर उत्तर द्यायला लागले. लोक घाईत असतात हे मग लक्षात यायचं.

मला सांगायचं आहे ते मारेताबद्दल.

तो जुलै महिना होता. जॉर्जनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सुनंदा, एक कंटेनर जबल अलीला अडकलाय. पॅसिफिकमधल्या एका बेटाचे दगड आहेत. सोबत एक बाई आली आहे. यल्ला, चल, सोडवून आण."

बेटाचं नाव मी इथे लिहीत नाही, तिथल्या लोकांची तशीच इच्छा आहे. लहानसं प्रवाळबेट. किनाऱ्याला लागून त्यांची दफनभूमी. एकेका घराण्याचा एकेक उभा दगड, कमरेएवढा, प्रवाळातून कापलेला. घराण्यातलं कोणी गेलं की त्याला त्या दगडापाशी पुरायचं आणि दगडाला त्याचं नाव सांगायचं. भरतीचं पाणी आता त्या दगडांच्या मुळापर्यंत येऊ लागलं होतं. दोन दगड वाहूनही गेले होते. शेजारच्या एका मोठ्या देशात गावाला उंचावर जमीन मिळण्याची बोलणी चालली होती. ती मिळेपर्यंत दगड अल क्वोजच्या गोदामात ठेवायचे, असं ठरलं होतं. गोदामाच्या मालकाने जागा विनामूल्य देऊ केली होती.

मारेता रिसेप्शनमध्ये बसली होती. माझ्याच वयाची, म्हणजे साठीकडे झुकलेली. फुलाफुलांचा सैल झगा, पायात रबरी चपला, मांडीवर विणलेली चटई गुंडाळून ठेवलेली. एसीने कुडकुडत होती. मी माझी शाल दिली. तिने ती खांद्यावर न घेता पायांवर घेतली आणि विचारलं, "ते तिथे एकटे किती वेळ राहणार?"

मला वाटलं, तिच्यासोबत आणखी कोणी माणसं आली आहेत. "कोण एकटे?"

"आमचे लोक. डब्यात."

तिचं इंग्रजी मोजकं आणि स्वच्छ होतं. बेटावर ती शाळेत शिकवायची.

आम्ही जबल अलीला गेलो. तिथली अधिकारी मरियम, तरुण एमिराती मुलगी, कामात चोख आणि बोलायला मऊ. तिने अडचण सांगितली. जिवंत प्रवाळ जगभर नष्ट होत चाललाय, म्हणून तो देशाबाहेर नेताना परवाना लागतो. हजारो वर्षांपूर्वीचा, दगड होऊन गेलेला प्रवाळ असेल तर लागत नाही. बेटाच्या मंत्रालयाने कागदावर नुसतं 'प्रवाळ' लिहिलं होतं. परवाना नव्हता. निसर्ग वाचवणारा कायदा आणि संस्कृती वाचवणारा करार, दोघेही भले, एकाच दारात अडकून पडले होते.

कंटेनर उघडला. आत चटयांत गुंडाळलेले करडे दगड ओळीने उभे. उन्हाची झळ आतून अंगावर आली. एक दगड प्रवासात मधोमध तडकला होता. मारेता आत जाऊन त्याच्यासमोर उकिडवी बसली. मला वाटलं, आता रडेल. तर ती मान हलवत म्हणाली, "हा पहिल्यापासून भांडखोर. याला प्रवास कधी आवडलाच नाही."

मरियमने मला विचारलं, "मॅडम, हा जुना प्रवाळ आहे की नवा?"

मी मारेताकडे पाहिलं. ती उठली आणि शांतपणे म्हणाली, "हे प्रवाळ नाहीत. ही माणसं आहेत."

मरियमचं पेन थांबलं. "मानवी अवशेष?"

"नाही, नाही!" मी घाईने म्हटलं. कारण मानवी अवशेष म्हटलं की मृत्यूचे दाखले आले, आरोग्य खात्याची परवानगी आली. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्यांचे दाखले कुठून आणणार? "या बाईंच्या श्रद्धेनुसार माणसं. कायद्याने वस्तू."

मारेताने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पण आपला दुभाषा आपलं म्हणणं भलतंच करून सांगतोय, हे कळल्यावर माणूस पाहतो ना, तशी ती नजर होती.

मरियमने तोडगा सांगितला. तज्ज्ञाचा अभिप्राय आणा, जुना प्रवाळ ठरला की माल सोडते. इथल्या एका विद्यापीठातले भूशास्त्राचे प्राध्यापक तयार झाले. पण त्यांना नमुना हवा होता, दगडाला भोक पाडून काढलेला. मारेता ठाम होती. "माझ्या आजोबांना भोक पाडणार? नाही." दोन दिवस मी दोघांच्या मध्ये फोनवर फिरत होते. शेवटी तिनेच वाट काढली. तडकलेल्या दगडाखाली चटईत बोटभर चुरा सांडला होता. तो तिने स्वतःच्या हाताने गोळा केला आणि प्राध्यापकांना दिला. म्हणाली, "घ्या. त्याने स्वतःहून दिलाय. भांडखोर होता, पण कंजूष नव्हता."

अभिप्राय यायला काही आठवडे लागणार होते. तोवर दगड छपराखाली हलवायचे, एवढं मरियमने आपल्या अधिकारात करून दिलं. मारेताची सोय देरा भागातल्या एका हॉटेलात होती. रोज सकाळी ती टॅक्सी करून जबल अलीच्या फाटकाशी जायची आणि आत सोडत नाहीत म्हणून सावलीला बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती उन्हाने चक्कर येऊन पडली आणि तिथल्या सुरक्षारक्षकाने मला फोन केला. मी तिला सरळ माझ्या घरी आणलं. करारात असं काही नव्हतं. जॉर्ज म्हणाले, "हबीबी, अशिलाला घरी नेत नाहीत." मी म्हटलं, "मला माहीत आहे."

ती आली आणि घराला आवाज आला. सकाळी ती मासळी बाजारात जायची आणि माशाचं डोकं आवर्जून घेऊन यायची. नारळाच्या दुधात मासा शिजवायची, मी भाताबरोबर सोलकढी करायचे. दोघींनाही एकमेकींचं नारळाचं जेवण ओळखीचं वाटलं. ती मला खोबरं खवताना पाहायची आणि म्हणायची, "तुझं मनगट आमच्याकडच्या बायकांसारखं चालतं." बरीच वर्षं कोणी माझं मनगट पाहिलं नव्हतं.

एक दिवस तिने भिंतीवरच्या श्रीकांतच्या फोटोकडे बोट दाखवलं. "याचा दगड कुठे आहे?"

"दगड नसतो आमच्यात. अग्नी देतात. अस्थी माझ्या दिरांनी नाशिकला नेल्या, गोदावरीत सोडल्या."

"ती नदी कुठे जाते?"

"समुद्राला."

"मग तो आमच्याकडेही येऊन गेला असेल." हे ती इतक्या सहज म्हणाली की मी हातातली वाटी खाली ठेवली. मग तिने विचारलं, "तू कोणाशी बोलतेस?"

"मुलीशी. शनिवारी फोन असतो."

"ते जिवंत माणसांचं झालं. गेलेल्यांपैकी कोणाशी?"

"कोणाशीच नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. उन्हातान्हात आलेली, बेघर होत चाललेली ती बाई त्या क्षणी माझी कीव करत होती. आणि मला ते बोचलं नाही. कोणीतरी करायला हवीच होती.

अभिप्राय आला. प्रवाळ जुना, दगड झालेला. मरियमने त्याच दिवशी माल सोडला आणि निघताना मारेताला विचारलं, "मी त्यांना सलाम केला तर चालेल?" मारेता म्हणाली, "त्यांना आवडेल."

दगड अल क्वोजला पोचले. आता करार. तो मी जवळजवळ तयार करून ठेवला होता. आणि तिथेच खरी लढाई सुरू झाली.

बेटाच्या मंत्रालयाचे वकील व्हिडिओ कॉलवर होते. मी लिहिलं होतं की दगड परत मागण्याचा हक्क सरकारला आणि, सरकार नसल्यास, गावकऱ्यांच्या वारसांना. ते गृहस्थ एकदम ताठ झाले. "सरकार नसल्यास म्हणजे? आम्ही कुठे जाणार आहोत? हे वाक्य लिहिलं म्हणजे आमचा देश संपणार हे आम्हीच सही करून कबूल केलं. उद्या आमचं समुद्रक्षेत्र, आमचं मत, आमचा झेंडा काढून घ्यायला लोक हेच वाक्य दाखवतील."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

माझ्या शेजारी बसलेली मारेता म्हणाली, "आणि फक्त सरकारचं नाव लिहिलं, तर उद्या कोणी मंत्री आमच्या आजोबांना एखाद्या म्युझियमला भेट देईल."

तिचंही म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

मग कितीतरी मसुदे झाले. रोज ऑफिसातून आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर बसायचे, मारेता समोर बसून चटईचे धागे सारखे करायची. मी वाक्य वाचून दाखवायचे, ती "नाही" म्हणायची. शेवटी जे साधलं ते असं: राष्ट्र कायम आहे, दगड त्याच्याकडे त्या त्या घराण्यांच्या वतीने आहेत, आणि ती घराणी पृथ्वीवर कुठेही राहत असोत, त्यांच्या गावसभेच्या संमतीशिवाय दगड कोणाला हलवता येणार नाहीत. 'नंतर' नाही, 'नसल्यास' नाही. एवढा जाडजूड करार, सगळा बुडण्याबद्दल, आणि त्यात बुडणं हा शब्द एकदाही नाही. वकिलीतलं माझं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. अजून कोणी विचारलेलं नाही.

आणखी एक कलम मारेताला हवं होतं. दगड एकटे राहता कामा नयेत. महिन्यातून एकदा कोणीतरी यावं, समुद्राचं पाणी शिंपावं, प्रत्येकाला नावाने हाक मारावी. गोदामाचे तज्ज्ञ म्हणाले, खारं पाणी दगडाला विष आहे. आत पाण्याची बाटलीही चालणार नाही, हातमोज्यांशिवाय स्पर्शही नाही. दुसऱ्या दिवशी ती मला जुमेराच्या किनाऱ्यावर घेऊन गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली, हात कोपरापर्यंत बुडवले आणि उन्हात धरून वाळवले. कातडीवर मिठाची पांढरट रेघ उमटली. "एवढं पुरे," ती म्हणाली. "यावर घालायला लावू देत त्यांना हातमोजे."

मी विचारलं, "हा समुद्र चालतो तुम्हाला? इथला?"

"समुद्र एकच असतो."

"तुला राग नाही येत त्याचा?"

"त्याचा काय दोष? त्याला कोणीतरी वर ढकललंय."

तज्ज्ञांनी मिठाचे हात मान्य केले, मोज्यांच्या आत. भेट देणारी व्यक्ती गावसभा नेमेल, असं कलमात लिहिलं. गावसभेचं उत्तर आलं तेव्हा त्यात माझं नाव होतं. मारेताने मला न विचारताच कळवलं होतं. जॉर्ज कपाळावर हात मारून म्हणाले, "खलास! आता माझी वकील दगडांशी बोलणार."

नावं लिहायची नाहीत, हा त्यांचा नियम. करारात दगड क्रमांकाने, तोंडात त्या त्या पूर्वजाच्या नावाने. आयुष्यभर लिहिलेल्यावरच विश्वास ठेवलेली मी, मारेताच्या मागे बसून शाळेतल्या मुलीसारखी नावं घोकत होते. त्यांच्यात जीभ टाळूला लागते न लागते असा एक स्वर आहे. मला तो आला नाही. मारेता म्हणाली, "चालेल. परदेशी सून आली आहे असं समजतील." मग तिने मला दोन वाक्यं शिकवली: 'मी आले आहे' आणि 'सगळे बरे आहेत'.

विमानतळावर तिने ती चटई माझ्या हातात ठेवली, माझ्या गालाला गाल लावून एकदा खोल श्वास घेतला आणि मागे न बघता आत गेली. घरी आल्यावर मी सवयीने दोन ताटं घेतली.

गोदामाचे इनचार्ज रफीकभाई, पेशावरचे. पहिल्या वेळी मी आत जाऊन नावं घेऊ लागले तेव्हा ते दाराशी अवघडून उभे होते. मलाही लाज वाटत होती. थंड खोली, पांढरे दिवे, स्टीलच्या चौकटीत ते दगड, आणि साडी नेसलेली मी, निळे हातमोजे घालून, चुकीच्या उच्चारात लोकांच्या आजोबांना हाका मारतेय. तिसऱ्या-चौथ्या वेळी रफीकभाईंनी त्यांच्या भाषेत ताई म्हणत विचारलं, "बाजी, ये लोग जवाब देते हैं?"

"नहीं, भाई."

"हमारे भी नहीं देते. पर जाना तो पड़ता है." त्यानंतर ते माझ्यासाठी बाहेर एक खुर्ची आणि चहा ठेवू लागले.

मी पण निर्ढावले. नावं झाली की बाकीचंही सांगू लागले, मराठीत. ईशाला बढती मिळाली. माझा गुडघा दुखतोय. भांडखोर आजोबांना तर मी ऑफिसातल्या कटकटीही सांगितल्या. श्रीकांत गेल्यापासून मी एवढं कोणाशी बोलले नव्हते.

पुढची बरीच वर्षं मारेता फोन करायची. आधी बेटावरून, वाऱ्याचा आवाज मागे घेऊन. मग विहिरीला खारं पाणी आलं, गावातली घरं एकेक करून शेजारच्या मोठ्या देशात गेली, आणि तीही नातीकडे गेली. शहराच्या उपनगरात, समुद्रापासून लांब. दगडांसाठी ठरलेली जमीन अजून मिळाली नाही. तिथला कायदा म्हणतो, थडग्याचा दगड लावायचा तर खाली देह हवा. देह नसेल तर ती कलावस्तू, आणि कलावस्तूची जागा म्युझियममध्ये. मी दोन्ही सरकारांना निवेदनं लिहिली. निवृत्त झाल्यावरही लिहीत राहिले. उत्तरं नम्र येतात.

"बेटावर आता कोण आहे?" मी तिला एकदा विचारलं.

"खेकडे," ती म्हणाली. आणि मग, "इथे शेजारी चांगले आहेत. पण मी कोणाची कोण, हे कोणालाच माहीत नाही."

ईशा मात्र दर शनिवारी एकच धोशा लावते. "आई, यू आर रिटायर्ड. देअर इज नोबडी देअर. कम हिअर." मी म्हणते, "बघू." इथला माझा रहिवासाचा परवाना आहे तोवर आहे. कधीतरी तोही संपेल, तेव्हा मलाही जावं लागेल. ज्या गावात मी आयुष्य काढलं तिथे माझ्या नावाचं काहीच नसेल. याची मी तक्रार करत नाही. इथे येणाऱ्या सगळ्यांना हे माहीतच असतं.

गेल्या हिवाळ्यात, दुपारी, मारेताच्या नातीचा फोन आला. मारेता झोपेतच गेली होती. वय झालं होतं, त्रास झाला नाही, असं ती पोर पुन्हापुन्हा सांगत होती. तिथल्या नियमाप्रमाणे नगरपालिकेच्या दफनभूमीत पुरलं होतं, परक्यांच्या रांगेत. "शी आस्क्ड मी टू कॉल यू फर्स्ट," नात म्हणाली. "कॅन यू प्लीज टेल देम? आय डोन्ट नो द नेम्स."

तिला नावं येत नव्हती. तिच्या आईलाही सगळी येत नाहीत, असं ती म्हणाली. मी फोन ठेवला. मग उठले, टॅक्सीने आधी किनाऱ्यावर गेले आणि हात बुडवले. पाणी थंड होतं. वाळवले आणि अल क्वोजला गेले. ठरलेला दिवस नव्हता, तरी रफीकभाईंनी माझा चेहरा पाहून काही न विचारता दार उघडलं.

नावं घेतली. 'मी आले आहे' म्हटलं. आणि पुढे शब्दच नव्हता. 'गेली' याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मारेताने मला शिकवलं नव्हतं. शिकवली होती ती दोनच वाक्यं, आणि त्यातलं दुसरं आज खोटं होतं. मी मारेताच्या घराण्याच्या दगडासमोर खाली बसले आणि मराठीत सांगितलं, "मारेता गेली."

मग नियमाप्रमाणे तिचं नाव त्या दगडाला सांगितलं, आणि बाकीच्यांनाही ऐकू जाईल असं आणखी एकदा मोठ्याने. मागे रफीकभाईंनी हात उचलून हलक्या आवाजात त्यांची प्रार्थना म्हटली. एसीची घरघर चालू होती. माझ्या लक्षात आलं की ही सगळी नावं बरोबर क्रमाने येणारं माणूस आता जगात बहुधा मीच आहे, आणि मला तो टाळूचा स्वर येत नाही.

नातीला मी सांगितलंय, रविवारी फोन कर, एकेक नाव शिकवते. ती म्हणाली, "आय विल ट्राय." अजून तिचा फोन आलेला नाही. कॉलेज आहे, नोकरी आहे. येईल.

त्या दिवशी मी तिथे बराच वेळ बसले. कोणी गेलं की आपण त्यांच्या घरी भेटायला जातो, काही न बोलता थोडा वेळ बसतो, तशी. आणि अशा घरून निघताना आपल्यात 'येते' म्हणायची पद्धत नाही. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. मी उठले, दारापर्यंत गेले. रफीकभाईंनी दिव्याच्या बटणावर हात ठेवला होता. मी त्यांना थांबवलं, वळले, आणि त्या सगळ्यांकडे पाहून म्हटलं, "येते."